साईट सोडून ऑफिसला बसू का? (सोलापूर, सिव्हिल, पहिलीच नोकरी)

कुंभारीची_सिव्हिल

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, बी.ई. सिव्हिल. विजापूर रोडला सैफुलच्या पुढं एक पाच मजली अपार्टमेंट चाललंय, तिथं दिवाळीनंतर साईट इंजिनिअर म्हणून लागले. पगार १४ हजार, पेट्रोल माझं मी. घर कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत. म्हणजे सकाळी अक्कलकोट रोडनं शहरात शिरायचं, सात रस्त्याला सिग्नलवर घाम पुसायचा आणि शहराच्या दुसऱ्या टोकानं बाहेर पडायचं. आई विड्या वळते, बाबा टॉवेलच्या कारखान्यात आहेत. आमच्या घराण्यात सिमेंटशी संबंध आलेली मी पहिलीच.

आता प्रश्न. सेठ म्हणतात, एक तारखेपासून ऑफिसला बस. बिलिंग शिक, बीबीएस (सळयांच्या लांबी-वजनाचा तक्ता) काढ, क्वांटिटी काढ. पगार तोच. "उन्हातान्हात कशाला, तुझ्यासाठीच बरंय की ओ." घरी हे सांगितलं तर सगळ्यांना देव पावल्यासारखं झालं. आई म्हणाली, सावलीत बसून पगार मिळतोय, तुला आणखी काय पायजे. आईची कंबर सावलीत बसूनच गेलीय, पण ते तिला कोण सांगणार.

साईटवर माझं काय चाललंय ते थोडं सांगते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना बरं पडेल.

सुरुवातीला मला कुणी काम दिलं नाही. हाकललं वगैरे नाही, उलट खुर्ची दिली, चहा दिला, "मॅडम, धूळ उडतीय, आत बसा" म्हणाले. तेच वाईट होतं. मग खोदाई सुरू झाली. आपल्याकडची काळी माती तुम्हाला माहितीच आहे, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पाऊस लागला की फुगून वर. तिच्यावर पाया ठेवायचा नसतो, कडक मुरूम लागेपर्यंत खाली उतरायचं. रस्त्याकडच्या बाजूला मुरूम पटकन लागला, मागच्या कोपऱ्यात लागेचना, तिथं कुणीतरी जुना भराव टाकलेला निघाला. पोकलेनवाला म्हणत होता बास झालं. मी ऑटो लेव्हल लावून प्रत्येक खड्ड्याचा आरएल (तळाची पातळी) घेतला, वहीत उतरवला आणि फोटोसकट कन्सल्टंट सरांना पाठवला. ते स्वतः आले आणि मागचे दोन खड्डे आणखी खाली न्यायला लावले. तोवर मी टेपचं दुसरं टोक धरणारी होते. त्यानंतर मिस्त्री "ताई, जरा हे बघता का" म्हणायला लागले.

घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी, हे सोलापुरात काही नवीन नाही. सेंटरिंगची (स्लॅबखालचा साचा बांधणारी) टोळी कर्नाटकातल्या इंडीकडची आहे. ते माझ्यासमोर माझ्याबद्दलच कन्नडमध्ये बोलायचे आणि मी बरेच दिवस कळत नाही असं दाखवलं. एकदा प्लिंथच्या कामाला मिक्सरवाल्यानं मोजून टाकायचं पाणी सोडून वर आणखी एक बादली ओतली, तेव्हा मी वरून ओरडले, "नीर जास्ती आतु!" सगळी टोळी गप्प. आता माझ्यासमोर ते बायकोशीसुद्धा फोनवर हळू बोलतात.

गड्ड्याची यात्रा लागली की साईट रिकामी होते, हेही मला यंदाच कळलं. मजूर गेले नंदीध्वज बघायला, मी आणि वॉचमन दोघंच. त्या दिवसांत पार्किंग स्लॅबचं अख्खं बीबीएस मी हातानं काढून बघितलं. म्हणजे ऑफिसचं काम मला जमणार नाही अशी भीती नाही, हे लक्षात घ्या.

खरी अडचण मार्चपासून सुरू झाली. पारा चाळिशीच्या वर गेला की दुपारी स्लॅब भरता येत नाही. प्लांटवरून गाडी येईपर्यंतच माल (काँक्रीट) आवळायला लागतो आणि वरचं पाणी भुर्रकन उडून बारीक तडे जातात. आयएस ७८६१ या भारतीय मानकामध्येसुद्धा ४० अंशाच्या वरचं काम उष्ण हवामानातलं धरून वेगळी काळजी घ्यायला सांगितलीय. म्हणून उन्हाळ्यात आमच्याकडं स्लॅब दिवस मावळताना सुरू होतो आणि रात्री एक-दीडला संपतो. हे बरोबरच आहे, माझी त्याला हरकत नाही. फक्त सहा वाजले की मला सांगतात, "मॅडम, तुम्ही निघा आता."

म्हणजे सेंटरिंगची लेव्हल मी बघायची. कव्हर ब्लॉक, म्हणजे सळईखालचे ठोकळे, मी मोजायचे (एकदा तर खडीचे तुकडे सरकवले होते सळईखाली, सगळे काढायला लावले). रिंगांचं अंतर, सळयांचा लॅप (जोड), इलेक्ट्रिकचे पाईप, संडासाचा सनक (खोलगट स्लॅब), सगळं मी. आणि माल पडायला लागतो तेव्हा मी कुंभारीत भाकरी खात असते.

मागच्या स्लॅबला चार बाल्कन्या होत्या. बाल्कनीची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, बाल्कनी तिच्यावरच तोललेली असते, हे इथल्या सगळ्यांना माहीत असेल. दुपारी मी एकेक चेअर (वरची सळई उचलून धरणारा टेकू) हलवून बघितली, सळई जिथं हवी तिथंच होती. रात्री पाईप ओढणारे त्याच सळईवरून बूट घालून फिरले असतील आणि ती खाली दबली असेल तर? सकाळी वर नुसतं गुळगुळीत काँक्रीट. विचारलं तर म्हणाले, "सगळं व्यवस्थित झालं मॅडम." झालंही असेल. पण मला दिसलं नाही ना.

दुसरी गोष्ट लिहायला लाज वाटते, पण लिहिते. साईटवर संडास नाही. पुरुष भिंतीमागं जातात. मी स्कूटी काढून पेट्रोल पंपावर जाते, तिथल्या मुलाला आता तोंडपाठ झालेय. म्हणून दुपारपर्यंत पाणीच पीत नाही. घरून भरून आणलेली बाटली तशीच परत नेते.

तर मंडळी, एकदा ऑफिसला बसले तर पुन्हा साईट मिळते का? की पहिल्या वर्षीच बिलिंगला गेलेल्या मुलीला पुढं सगळे बिलिंगचीच धरतात? आणि सेठला नाही म्हणायचं तर काय सांगून म्हणायचं?

बार्शीकर

मी कंत्राटदार आहे, तेव्हा शिव्या खायच्या तयारीनं लिहितो.

तुमच्या सेठची बाजू आधी. रात्री दीडला स्लॅब संपणार, त्यानंतर तुम्ही एकट्या स्कूटीवर कुंभारीला जाणार. वाटेत काही झालं तर तुमचे बाबा आधी सेठच्या दारात येतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. माझ्याकडं एक मुलगी होती, तिलाही मी सहाला घरी पाठवायचो. मनात काही वाकडं नव्हतं. जबाबदारी अंगावर नको, एवढंच.

आता संडासाचं. त्याला मात्र काही बाजू नाही. बांधकाम कामगारांचा १९९६ चा जो कायदा होता त्यात कलम ३३ हेच होतं, कामाच्या जागी पुरेसे संडास-मुताऱ्या मालकानं द्यायच्या; नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आलीय, तिच्यातही हे आहे. पाच मजली साईटवर सेंटरिंग, फिटर, बिगारी धरून दहाच्या वर माणसं असणारच, म्हणजे कायदा लागू. खर्चाचं म्हणाल तर चार पत्रे, एक भांडं, एक शोषखड्डा आणि पाण्याचं पिंप. एका स्लॅबला जेवढं बाइंडिंग वायर भंगारात जातं त्याच्यापुढं हे काहीच नाही.

आणि ताई, एक विचारतो, राग मानू नका. घमेली उचलणाऱ्या बायका आहेत ना साईटवर? त्या कुठं जातात? सेठकडं जाताना "मला पाहिजे" म्हणून जाऊ नका. "साईटवर बायका आहेत, संडास पाहिजे" म्हणून जा. तुम्हाला एकटीला ऑफिसला हलवून तो प्रश्न सुटत नाही, हे मग त्यालाही दिसेल.

कुंभारीची_सिव्हिल

राग कशाचा दादा. सहा-सात जणी आहेत. त्या सकाळी अंधारात घरून जाऊन येतात आणि मग थेट संध्याकाळी. एकीला मागं ताप आला होता, डॉक्टरनं लघवीचा त्रास सांगितला.

पुढची_जाहिरात

सगळ्यात सोपा उपाय कुणी सांगत नाहीये. नोकरी सोडा आणि अभ्यासाला लागा. महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. एमपीएससीतून सहायक अभियंता झालात की हेच सेठ तुमच्या केबिनबाहेर बिल घेऊन उभे राहतील. १४ हजारांत काय ठेवलंय? प्रायव्हेट साईट हे मुलींचं कामच नाही.

ओळंबा

वरच्या साहेबांना एवढंच सांगते की परीक्षा पास झाल्यावर पोस्टिंग कालव्यावर नाहीतर रस्त्यावरच मिळतं, केबिनमध्ये नाही. अभ्यास जरूर करा, पण साईट चुकवायची म्हणून करू नका. आणि "मुलींचं काम नाही" हे वाक्य फार जुनं झालं. व्हीजेटीआयमधून शकुंतला भगत १९५३ साली सिव्हिल इंजिनिअर झाल्या. दर महिला दिनाला त्यांचा फोटो फिरतो, "पहिल्या महिला सिव्हिल इंजिनिअर", खाली गुलाबाचं फूल. त्यांनी ठरावीक मापाचे स्टीलचे सुटे भाग डोंगरात नेऊन जोडायची क्वाड्रिकॉन पद्धत काढली आणि १९७२ मध्ये हिमाचलात स्पितीला तसा पूल उभा केला, हे त्या फोटोखाली मी अजून वाचलेलं नाही.

आता कुंभारी, तुझं.

सेठनं ऑफिस देताना कारण दिलं उन्हाचं. तुझी एवढी लांब पोस्ट आहे, तीत तू स्वतःला ऊन लागल्याची एकही तक्रार केलेली नाहीस. तक्रारी दोनच आहेत. संडास नाही आणि रात्री थांबू देत नाहीत. ऑफिस हे त्या दोन्हींवरचं सेठला फुकट पडणारं उत्तर आहे, म्हणून त्याला ते सुचलं.

मी सोलापुरातच स्ट्रक्चरल ऑडिट करते. सुरुवात उजनीच्या कालव्याच्या कामावर झाली. उघडं माळरान, आडोसा म्हणजे एखादी बाभळ. जवळच्या वस्तीवरच्या आजींशी ओळख काढली होती, त्यांच्या घरी जायचे आणि त्यांच्या नातवाची गणितं सोडवून द्यायचे. हे कौतुकानं सांगत नाही. इतक्या वर्षांनी सैफुलसारख्या भरवस्तीत तुला पेट्रोल पंप शोधावा लागतो याची चीड येते म्हणून सांगते. संडास होईपर्यंत पंपावर जात राहा, पण पाणी पी. सोलापूरच्या एप्रिलमध्ये दुपारपर्यंत कोरडं राहायचं म्हणजे मूतखड्याला आमंत्रण आहे.

रात्रीच्या स्लॅबचं असं बघ. शेवटची गाडी रिकामी होईपर्यंत उभं राहण्यात शौर्य नाही. तुला बघायच्यात बाल्कन्या. मग बाल्कन्या आधी भरून घे. काँक्रीटचा पंप कुठं लावायचा हे दुपारी ठरतं, तेव्हा तू तिथंच असतेस. पाईपलाईन लांबच्या टोकापासून सुरू होते आणि पंपाकडं मागं मागं येते. बाल्कन्या ज्या बाजूला आहेत त्याच्या समोरच्या बाजूला पंप उभा केला की काम बाल्कनीकडून सुरू होईल. चार बाल्कन्यांना माल लागतो तो किती, पहिल्या एक-दोन गाड्यांतच संपतं. सातला सुरू झालं तर नवाच्या आत तुझी काळजी मिटते आणि बाकीच्या स्लॅबला सुपरवायझर पुरे.

त्याआधी तीन गोष्टी मागून घे. चालण्यासाठी फळ्या, त्या सळईवर टेकवायच्या नाहीत, विटांवर ठेवायच्या. बाल्कनीत चेअर नेहमीपेक्षा जवळजवळ. आणि भरताना फिटरच्या टोळीतला एक माणूस वर थांबलाच पाहिजे, आकडा हातात घेऊन, दबलेली सळई जागच्या जागी उचलायला. फिटर सळई बांधून झाली की जेवायला पळतात आणि परत येत नाहीत, ही सगळ्या सोलापूरची रीत आहे. मागच्या स्लॅबबद्दल मनात शंका असेल तर ती कन्सल्टंटना कळव. कव्हर मीटरनं सळई किती खोलीवर आहे ते वरून बघता येतं, फोडावं लागत नाही. टेकू अजून खाली असतील तर ते निघायच्या आधी बघून घ्या.

पोअर कार्ड (स्लॅब भरायच्या आधीची तपासणी यादी) आहे का तुमच्याकडं? नसेल तर साध्या ए-फोर कागदावर कर. शटरिंग, स्टील, कव्हर, पाईप, लेव्हल, तारीख, खाली तुझी सही. तुझ्या सहीशिवाय गाडी मागवायची नाही, एवढं सेठकडून वदवून घे. सहाला घरी गेलीस तरी स्लॅब तुझा राहतो. बहुतेक स्लॅब माल पडायच्या आधीच बिघडलेले असतात, ऑडिटला मी जे बघते त्यावरून सांगते: कव्हर नाही, वरची सळई खाली, नंतर पाणी मारलेलं नाही. यातलं निम्मं दिवसाउजेडी पकडता येतं.

राहिलं ऑफिस. बिलिंगला नाही म्हणू नकोस. जिला बिल काढता येतं तिला कंत्राटदार सहज सोडत नाही, आणि पैसा कुठं मुरतो ते तिथंच कळतं. पण साईट अर्धवट सोडून गेलीस तर तू फक्त ड्रॉइंगवरून बिल काढशील. ड्रॉइंगमध्ये चेअर नसतात. लॅप कुठं पडणार ते नसतं. १२ एमएमची सळई मीटरला ०.८८९ किलो हे पुस्तकात आहे, पण कापून उरलेल्या दीड दीड फुटी तुकड्यांचं काय करायचं ते नाही. हे जिनं डोळ्यांनी बघितलंय तिचं बिल कुणाला कापता येत नाही.

म्हणून सेठला नाही सांगू नकोस, वेळ सांग. दुपारी बारा ते चार ऑफिस, त्याआधी आणि नंतर साईट. या उन्हात त्या चार तासांत साईटवर तसंही फारसं होत नाही, मजूरसुद्धा सावली धरतात. त्याला ऊन टाळायचंय ना, टळलं. बिल मात्र याच बिल्डिंगचं काढणार म्हण, आणि गच्चीचा स्लॅब भरून होईपर्यंत साईट सुटणार नाही हे आधी बोलून घे. पायाच्या खड्ड्यापासून गच्चीपर्यंत एक इमारत अखंड बघितलेली असणं, पुढच्या इंटरव्ह्यूत यावरच तुला प्रश्न विचारतील.

डेक्कनवाली

थोडं वेगळं मत. मी पण सोलापूरचीच, आता पुण्यात डिझाईन ऑफिसमध्ये. पहिली नोकरी साईटवर होती, वर्षाच्या आत सोडली आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. मला धूळ, आरडाओरडा, मुकादमाशी रोज तीच हुज्जत नको होती. दिवसभर ईटॅब्समध्ये (डिझाईनचं सॉफ्टवेअर) बसून मी आनंदात आहे. साईट सोडली म्हणजे हरलो असं मुलींनी का मानायचं? माझ्या वर्गातले किती मुलगे ऑफिसला बसले, त्यांना कुणी विचारलं नाही. तुला खरंच ऑफिस हवं असेल तर जा बिनधास्त. इथं कौतुक होतंय म्हणून साईटवर थांबू नकोस.

ओळंबा

मान्य. फक्त तू स्वतः सोडलीस. हिला हलवतायत.

डेक्कनवाली

हो, तो फरक आहे. पण मलाही कुणी "बारा ते चार" सुचवलं असतं तर कदाचित थांबले असते, कदाचित नसते. चौदा हजारांत दोन कामं करून घेतायत, त्याचंही बोल त्याच्याशी. त्यावर कुणीच काही लिहिलं नाही वर.

एक_मिस्त्रीचा_पोरगा

माझे वडील गवंडी, पस्तीस वर्षं सोलापुरात काम केलं. त्यांना वाचून दाखवलं हे सगळं. ते म्हणाले, पोरीला सांग, स्लॅबच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी साईटवर जा. रात्री कोण होतं कोण नव्हतं याला किंमत नाही, सकाळी पाण्याचे बांध कोण घालून घेतं याला आहे. आपल्याकडं नळाला रोज पाणी नसतं, टँकर येईपर्यंत दहा वाजतात आणि तोवर स्लॅब तापलेला असतो. आदल्या दिवशीच टँकर भरून उभा करायचा आणि स्लॅबवर ओली पोती टाकायची. बोअरचं पाणी वापरत असाल तर ते तपासून घ्या असंही म्हणाले. अण्णांना आयएस कोड माहीत नाही, ते जिभेवर घेऊन सांगतात.

ओळंबा

अण्णांना नमस्कार सांग. आयएस ४५६ मध्ये आरसीसीच्या पाण्यात क्लोराईड लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं आणि पीएच ६ च्या खाली नको. जिभेला खारट लागलं तर लॅबला पाठवायचंच. कुंभारी, हे टँकरचं लिहून ठेव. कोरड्या उन्हाळ्यात क्युरिंग (पाणी मारणं) निदान दहा दिवस, आणि सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) असेल तर चौदा धर.

कुंभारीची_सिव्हिल

उशिरा लिहितेय, मधे तिसरा स्लॅब भरला.

सेठकडं गेले. ओळंबाताईंनी सांगितलं तसं वेळ घेऊनच गेले, बारा ते चार. ते जरा गप्प बसले, मग म्हणाले, "बिल महिन्याच्या महिन्याला टेबलवर पायजे." म्हणजे हो. ऑफिसमध्ये कूलर आहे हे मी कबूल करते. पहिल्याच आरए बिलात (चालू कामाच्या) सेंटरिंगच्या टोळीनं जिन्याचं क्षेत्रफळ आपल्या फायद्यानं मोजलेलं सापडलं. ते मला दिसलं कारण जिन्याला शटरिंग लागताना मी समोर उभी होते.

संडासाचं बार्शीकर दादांनी सांगितलं तसं घमेल्यावरच्या बायकांच्या नावानं मागितलं. त्यातल्या एका मावशींना बरोबर घेऊन गेले होते, त्या माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलल्या. झाला. पत्र्याचाच आहे, दुपारी आत भट्टी होते, पण कडी लागते आणि पाणी आहे. किल्ली मावशींकडं असते. मुकादमानं मागितली तर त्यांनी दिली नाही.

स्लॅबला पंप मागच्या बाजूला लावून घेतला. पंपवाला कुरकुरला, त्याला दोन पाईप जास्त जोडावे लागले. पावणेसातला सुरू झालं आणि साडेआठला चारही बाल्कन्या भरून झाल्या. फिटरचा माणूस जेवायला निघालाच होता, त्याचा डबा वर मागवला. एका बाल्कनीत सळई दबली होती, त्यानं माझ्यासमोर आकड्यानं उचलून खाली चेअर सरकवली. नंतर भाऊ न्यायला आला, तो नऊ वाजेपर्यंत गेटवर मोबाईल बघत बसला होता. आई अजून नाराज आहे.

मागच्या स्लॅबच्या बाल्कन्या कन्सल्टंट सर कव्हर मीटर आणून बघणार आहेत. टेकू अजून खालीच आहेत.

पगाराचं म्हणाल तर "दिवाळीला बघू". पोअर कार्डवर सही करते, पण सहीशिवाय गाडी मागवायची नाही हे त्यांनी अजून तोंडानं म्हटलेलं नाही.

आता एक शंका. काँक्रीट एम-२५ आहे, म्हणजे २८ दिवसांना ताकद २५ न्यूटन प्रति चौ. मिमी हवी. एका नमुन्याचे सात दिवसांचे तीन क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) आज फोडले. १७.८, १८.२ आणि तिसरा १४.६. लॅबवाला म्हणतो सरासरी घ्या आणि पुढं चला. घेऊ का?

ओळंबा

सरासरी १६.८७ येते. एकेक क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांपेक्षा जास्त लांब नको, म्हणजे खाली १४.३४ पर्यंत चालतं. तुझा १४.६ आत बसतो, नमुना धरता येईल. सात दिवसांना साधारण दोन-तृतीयांश ताकद अपेक्षित असते, तीही जेमतेम आलीय. पण निकाल २८ दिवसांच्या क्यूबवर लागतो, हे आत्ताचे आकडे फक्त अंदाजाला.

तरी तिसरा क्यूब एवढा खाली का, ते शोध. तो कुणी भरला, तीन थरांत नीट ठोकला का, साचा चौकोनी होता का, फोडताना बाजूवर ठेवला की भरलेलं तोंड वर ठेवून दाबला? लॅबमध्ये जाऊन तुकडे बघ, त्यांनी अजून फेकले नसतील. आणि उरलेले क्यूब कुठं ठेवलेत?

कुंभारीची_सिव्हिल

पाण्याच्या टाकीत, सावलीला. लॅबला आत्ता फोन केला, तुकडे आहेत म्हणाले. चारनंतर जाते.

ओळंबा

फोटो टाक. आणि २८ दिवसांचं हातात येईपर्यंत बाल्कनीखालचे टेकू कुणालाही हलवू देऊ नकोस, सेठनं सांगितलं तरी.